लांछनांची ओळख



तीर्थंकरांच्या मूर्तींची मुद्रा बहुधा सारखीच असते : ध्यानमग्न, शांत, वीतराग. ताग्याच्या टोकावरील गिरणीचा छाप पाहून जसा माल ओळखावा, तशी तीर्थंकरांची ओळख लांछनावरून पटते. वृषभ दिसला तर ऋषभदेव, हरिण दिसले तर शांतिनाथ, सिंह दिसला तर महावीरस्वामी. अशा खुणांच्या अभ्यासाला मूर्तिशास्त्र म्हणतात.

खुणा वाचता आल्या नाहीत की नावे बदलतात. नाशिकची त्रिरश्मी लेणी मूळची बौद्ध. परंतु तेथील मूर्तींना लोकांनी पांडव मानले आणि ‘पांडवलेणी’ हे नाव रूढ झाले. तेथीलच ११ क्रमांकाच्या लेण्यात ऋषभदेव व अंबिका विराजमान आहेत, हे किती जणांस ठाऊक असते? वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या लेण्यात हत्तीवरील यक्षाला इंद्र आणि सिंहारूढ देवीला इंद्राणी समजले गेले. लेणे ‘इंद्रसभा’ झाले. वास्तविक आम्रवृक्ष, बालक आणि सिंह या नेमिनाथांच्या यक्षिणीच्या, अंबिकेच्या खुणा होत.

पादपीठावरील लांछन लहानसे असते. नित्य प्रक्षाळाने ते झिजते, जीर्णोद्धारात रंगाखाली बुजते. मूर्ती राहते, नाव मात्र हरवते. म्हणून प्रत्येक मंदिराने लांछने व लेख यांची छायाचित्रांसह नोंद ठेवावी. आणि दर्शनाला आलेल्या नातवाला आजोबांनी एवढेच विचारावे, “बाळा, देवाच्या पायाशी काय कोरले आहे?”

जय जिनेंद्र.