स्त्रीच्या यकृतातील वाय गुणसूत्र

रक्ताच्या कर्करोगावर उपचार म्हणून एखाद्या स्त्रीला तिच्या भावाच्या मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून सर्व रक्तपेशी घडतात अशा पेशी, दिल्या की तिचे नवे रक्त दात्याच्या पेशींपासून बनते, यात नवल नाही. परंतु तिच्या यकृतात किंवा त्वचेतही दात्याच्या पेशी असतात का, हा प्रश्न बराच अवघड ठरला. अशा जोडीत पुरुषपेशींतील वाय गुणसूत्र ही आयती खूण मिळते: त्यालाच नेमका चिकटणारा, चमकते रंगद्रव्य जोडलेला डीएनएचा तुकडा ऊतकाच्या पातळ कापावर सोडला की सूक्ष्मदर्शकाखाली दात्याच्या पेशीकेंद्रात ठिपका उजळतो. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या संशोधकांनी २००२ साली याच पद्धतीने यकृत, त्वचा व पचनमार्ग तपासून ७ टक्क्यांपर्यंत पेशी दात्याच्या असल्याचे नोंदवले.

ठिपका दिसला म्हणजे ती पेशी यकृताचीच, असे मात्र नव्हे, कारण दात्याच्या पांढऱ्या पेशी प्रत्येक अवयवात हिंडत असतात. म्हणून पांढऱ्या रक्तपेशींची ओळख पटवणारे सीडी ४५ आणि आवरणपेशींची ओळख पटवणारे सायटोकेराटिन या प्रथिनांचीही चाचणी करावी लागते. एवढे करूनही एकावर एक आलेल्या दोन पेशी एकच भासतात, आणि पुत्रगर्भाच्या पेशी मातेच्या शरीरात अनेक वर्षे टिकू शकतात, ही अडचण तर अधिकच खट्याळ. २००३ साली उंदरांवरील प्रयोगांत दात्याची खूण असलेल्या यकृतपेशी रक्तपेशींच्या रूपांतराने नव्हे, तर दात्याच्या रक्तपेशी यजमानाच्या यकृतपेशींत विलीन झाल्याने बनल्याचे दिसले, आणि रक्ताच्या मूलपेशी सहज कोणतेही रूप घेतात ही घाईची कल्पना मागे पडली.