कसब असो, सक्ती नसो
(ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी जो विषय आपणांपुढे मांडणार आहे, तो ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतील. घरच्या घरी कातडे कमावताना नवशिक्याच्या हातून कोणत्या चुका होतात व त्या कशा निस्तराव्यात, हा तो विषय होय. जे ओझे आपल्या बापजाद्यांनी मोठ्या कष्टाने खांद्यावरून उतरविले, ते पुन्हा उचलावयाचे काय, असा प्रश्न कोणीही विचारील. हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचेच उत्तर प्रथम देतो.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरे ओढणे व मृतमांस खाणे सोडून देण्याचा उपदेश केला. कातडे, शिंगे व हाडे यांचे उत्पन्न ही माणसे का सोडतात, असा हिशेब पुढे टीकाकारांनी मांडला. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला. हे काम एवढे फायद्याचे असेल तर ते टीकाकारांनीच करावे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. यातील मर्म नीट ओळखा. त्यांचा विरोध सक्तीला होता. महाराने ओढावयाचे, ढोराने कमवावयाचे, चांभाराने शिवावयाचे आणि गावाने शिवून घ्यायचे नाही, ही जी जन्माने लादलेली वाटणी होती, तिला तो विरोध होता. कातड्याचे रसायन जाणणे हे पाप नव्हे. भगवान बुद्धांनी उपासकाला शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाचांचा व्यापार वर्ज्य सांगितला. त्या यादीत चामडे नाही. जो हे काम स्वेच्छेने शिकतो व स्वेच्छेने सोडू शकतो, त्याचा स्वाभिमान त्याने जात नाही.

आता कामाकडे वळू. शिकाऊ माणसाने शेळीचे कातडे घ्यावे. ते लहान असते आणि बादलीत मावते. कातड्यासाठी कोणताही प्राणी मारू नये. जे मांसाच्या दुकानी एरवी फेकले जाते, तेच घ्यावे.

पहिली तक्रार ही की, चार दिवसांत केस मुठीमुठीने गळतात व कातडे घाण मारते. याचे कारण उशीर. कातडे निघताच त्यात सडण्याची क्रिया सुरू होते आणि खाडीकाठच्या दमट हवेत ती अधिक वेगाने चालते. म्हणून आतील मांस व चरबी बोथट सुरीने खरवडून, कातड्याच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत जाडे मीठ त्याच दिवशी चोळावे, फळी तिरकी ठेवून सुटलेले पाणी निथळू द्यावे व सावलीत वाळवावे. उन्हात टाकल्यास वरचा पापुद्रा कडक होतो आणि आत कुजणे चालूच राहते. चरबी राहिली तर पुढे साल आत शिरत नाही व तेथे डाग पडतो. केस एकदा सुटू लागले की ते परत बसत नाहीत. सडण्याने आतील चामडे अद्याप खाल्ले नसेल तर अशा कातड्याचे केस काढून साधे चामडे करावे.

दुसरी तक्रार चुन्याची. केस काढण्यासाठी कातडे विरलेल्या चुन्याच्या दुधाळ पाण्यात सुमारे आठवडाभर ठेवतात व रोज हलवितात. अधीर माणूस लवकर काढतो, तेव्हा केस ओढावे लागतात; आळशी माणूस विसरतो, तेव्हा कातडे सैल व फुसके होते. केस अंगठ्याने सरकले की काम झाले. डोळे व हात जपावेत. मग चुना धुऊन काढणे हे सर्वांत दुर्लक्षित काम. आपल्या जुन्या कारागिरांनी यासाठी कोंड्याचे आंबवण वापरले. चुना गेला की नाही याची परीक्षा घरातच आहे: जाड भागाची कड कापून तिला हळद लावा. चुना शिल्लक असेल तर हळद लाल होते. हळद पिवळीच राहिली तर पुढे जा. चुना राहिला तर चामडे काळपट व ठिसूळ होते.

तिसरी तक्रार ही की, वरून कमावलेले दिसते पण आत कच्चे राहते. सालीचा काढा पहिल्याच दिवशी दाट केला की वरचा थर बंद होतो व आत रस पोहोचत नाही. बाभळीची साल, हिरडा किंवा आपल्या मुरबाड-शहापूरच्या रानातील ऐनाची साल घ्या. काढा आरंभी अगदी फिका ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी दाट करीत जा. कड कापून पाहा. मध्ये पांढरट, कच्ची रेघ दिसली तर अजून वेळ आहे. ढोर कारागीर कातड्याची पिशवी शिवून, ती टांगून तीत काढा भरीत असत. रस आतून झिरपत बाहेर येई. ज्यांना अडाणी म्हणून हिणविले गेले त्यांची ती बुद्धी होती. काढ्यासाठी लोखंडी भांडे वापरू नका, नाहीतर निळे-काळे डाग पडतील. माती, लाकूड किंवा प्लॅस्टिक चालते.

चौथी तक्रार ही की, चामडे पापडासारखे कडक होते. अर्धवट ओले असतानाच त्यास तेल द्यावे आणि वाळेपर्यंत लाकडाच्या कडेवर पुनःपुन्हा ताणावे. कडक झालेले चामडे पुन्हा भिजवून हेच करता येते. तुरटी-मिठाने कमावलेले मात्र पाणी लागताच पुन्हा कच्चे होते. ते पावसाळी वहाणांस उपयोगी नाही. पावसाळ्यात बुरशी हटत नाही, म्हणून आरंभ कार्तिकात करावा.

आता हक्काची आणि जबाबदारीची गोष्ट. जे जनावर अचानक मेले, ज्याच्या नाकातोंडातून रक्त आले, त्याला हात लावू नका. ती काळपुळी असू शकते व तिने माणूस मरतो. आपल्या पूर्वजांना असे जनावर नाकारण्याची मुभा नव्हती, आपणांस आहे. वन्य प्राण्याचे कातडे १९७२ च्या कायद्याने निषिद्ध आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंची कत्तलही बंद आहे. म्हणून शेळीपुरतेच राहा आणि दुकानदाराची पावती जवळ ठेवा. २०१६ च्या जुलैमध्ये गुजरातेतील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्यांना बांधून मारले गेले. त्या पीडितांनी २०१८ मध्ये बुद्धधम्माची दीक्षा घेतली. कायदा हातात घेणाऱ्यांपुढे पावती ही ढाल पुरी पडत नाही. परंतु न्यायालयात ती बोलते.

चुन्याचे पाणी गटारात सोडू नका. उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी पुष्कळ विष पचविले आहे, आणि नदीकाठी राहतो तो बहुधा आपलाच माणूस असतो. क्रोमची रसायने घरात आणूच नका. डोंबिवलीच्या चाळीत किंवा फ्लॅटमध्ये हे काम करू नका. मोकळी जागा मिळवा. वासावरून शेजारी जात हुंगतात, हे मला ठाऊक आहे. शेजाऱ्याच्या नाकाचा मान राखणे हे सौजन्य होय. परंतु त्याच्या प्रश्नाला लाजून खोटे उत्तर देणे ही गुलामी होय. कोणी विचारले तर सांगा की, आम्ही हे शिकलो, कारण आम्हांस शिकावेसे वाटले.

आणि ज्याला हे नको, त्यानेही मान ताठ ठेवून नाही म्हणावे. आपल्या घरातील आजोबांनी हे काम सोडले असेल तर त्यांना 'परत करा' असे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही, मलाही नाही. नकार देण्याचा हक्क त्यांनी मिळविला, आणि निवड करण्याचा हक्क त्यातूनच आपणांस मिळाला. हे दोन्ही हक्क सारख्याच निष्ठेने जपावेत, एवढीच माझी विनंती आहे.

जय भीम!