भारी जमिनीला पाणी बेतानेच हवे

चौफुल्याहून केडगाव, पारगावमार्गे न्हावऱ्याकडे निघालात, की भीमेच्या दोन्ही काठांना खोल, काळीभोर जमीन लागते आणि तिच्यात ऊस. तेथून शिरूर तालुक्याच्या पश्चिमेला, कान्हूर मेसाई, पाबळकडे वळलात, तर पायाखाली मुरूम येतो. या दोन्ही मातींचे मूळ एकच आहे, आपला काळा बेसाल्ट खडक. माळावरची बारीक माती हजारो वर्षे पावसाबरोबर खाली आली आणि नदीकाठी साचली. वर राहिली ती हलकी, बरड जमीन.

पूर्वी जमिनीची प्रत मातीच्या खोलीवर ठरायची. जिरायतीत ते योग्यच होते. दौंड-शिरूरचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटर. भारी काळी जमीन त्यातले पाणी पोटात धरून ठेवते, म्हणून पाऊस संपल्यावरही तिच्यात रब्बी ज्वारी पोसते. मुरमाड रानात ओल टिकत नाही. तिथे बाजरी, मटकी, हुलगा.

कालवे आले आणि हा हिशेब फिरला. खडकवासल्याचे पाणी दौंडला, चासकमान आणि घोडचे शिरूरला मिळाले. जो गुण जिरायतीत वरदान होता, तोच पाटपाण्यात अडचणीचा ठरला. काळ्या जमिनीत चिकणमाती निम्म्याच्या आसपास असते. ती भिजली की फुगते, छिद्रे बुजतात, पाण्याचा निचरा होत नाही. उसाला पाळीवर पाळी दिली, की भूजल वर येते. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मात्र वर राहतात. एवढ्याशा पावसाने ते धुऊनही जात नाहीत.

आधी रान चिबड होते. मग पांढरी पूड दिसते, ती खारवट जमीन. सोडियम वाढून सामू साडेआठच्या पुढे गेला, की जमीन चोपण झाली असे समजा. ओली असताना निसरडी, वाळली की दगडासारखी. उसात जागोजागी नांग्या पडतात आणि आपण मात्र युरियाची मात्रा वाढवत बसतो!

चोपण जमिनीसाठी जिप्सम सांगितले जाते. त्यातला कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवतो. पण सुटलेला सोडियम वाहून जायला वाट हवी ना? आधी चर किंवा भूमिगत निचरा नळ्या, मग जिप्सम, मग धैंचा गाडणे, हा क्रम चुकला तर पैसे मातीत गेले. शिवाय नुसती खारवट जमीन असेल तर जिप्समची गरजच नसते. निचरा करून चांगल्या पाण्याने क्षार धुतले की पुरते.

गंमत पाहा, ज्या मुरमाड रानाला कुणी विचारत नव्हते, तिथे ठिबकवर डाळिंब उत्तम येते, कारण मुळांशी पाणी साचत नाही. भारी रानातही ठिबक लावले आणि उसानंतर एखादे हरभऱ्याचे पीक घेतले, तर जमिनीला उसंत मिळते.

या उन्हाळ्यात माती तपासून घ्या. चोपणाची शंका असेल तर वरची वीतभर माती पुरत नाही. तीन फूट खड्डा घ्या आणि प्रत्येक फुटाचा अर्धा किलो नमुना वेगळ्या पिशवीत भरा. बांध, उकिरडा आणि विहिरीजवळची जागा टाळा. विहिरीचे पाणीही एका स्वच्छ बाटलीत सोबत द्या.