‘राइट ऑफ’ म्हणजे माफी नव्हे



इंग्रजीत साध्या क्रियापदाला लहानसा शब्द जोडला की अर्थच पालटतो. ‘राइट’ म्हणजे लिहिणे. पण ‘राइट ऑफ’ म्हणजे हिशेबातून काढून टाकणे. आम्ही बँकेत नोकरी करणारी माणसे; हा शब्द आमच्या नेहमीच्या कामातला. आपल्या कर्जबाजारी यवतमाळ जिल्ह्यात तो घरोघरी समजला पाहिजे.

अपघातात मोडलेली गाडी दुरुस्त करणे परवडत नसेल, तर ती ‘राइट ऑफ’ झाली म्हणतात. एखाद्याच्या हातून आता काही होणार नाही असे ठरवून टाकणे, हेही त्याला ‘राइट ऑफ’ करणेच. तिसरा अर्थ बँकेचा, आणि घोटाळा तेथेच होतो.

बँकांनी अमुक कोटींची कर्जे ‘राइट ऑफ’ केली, अशी बातमी येते. वाचणाऱ्यास वाटते, कर्ज माफ झाले. तसे नसते. जुन्या थकीत कर्जासाठी नफ्यातून तरतूद करून बँक ते आपल्या ताळेबंदातून काढते. याला मराठीत ‘निर्लेखन’ म्हणतात. कर्जदाराकडील येणे मात्र कायम राहते, वसुली थांबत नाही आणि सातबाऱ्यावरचा बोजाही उतरत नाही.

माफीचा इंग्रजी शब्द वेगळा, ‘वेव्हर’. २००८ च्या केंद्राच्या योजनेच्या नावात तोच होता. तीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांची पात्र थकबाकी पूर्ण माफ झाली. आपल्याकडचे त्याहून थोडी अधिक कोरडवाहू जमीन असलेले मात्र पूर्ण माफीबाहेर राहिले. २०१७ व २०१९ च्या राज्याच्या योजनाही माफीच्याच. माफीत शासन बँकेला पैसे देते. ‘राइट ऑफ’मध्ये कर्जदाराच्या वतीने कोणीच देत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, घरी आलेले बँकेचे पत्र तुम्हीच वाचून दाखवता. त्यात ‘रिटन ऑफ’ दिसले तर वडिलांना “कर्ज फिटले” असे सांगू नका. शाखेत जाऊन बाकी किती ते लेखी मागा. कर्ज खरोखर फिटले असेल, तर बेबाकी दाखला घ्या आणि बोजा उतरवून घ्या.

आणि दहावीत एकदा नापास झालेल्या पोराला घरच्यांनी ‘राइट ऑफ’ करू नये, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.