तुरटीचा खडा आणि लसीची कुपी
(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)





आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेतले कारकून. तरीही आज रसायनशास्त्रावर बोलणार आहोत. कारण ऐकीव गोष्ट पारखून घ्या, हीच तथागतांची कालामांना शिकवण आहे.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की चाळीतल्या आया हंड्यात तुरटीचा खडा फिरवतात. पाण्यात तुरटीपासून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके बनतात. त्यांच्यावर धन विद्युतभार असतो, मातीच्या कणांवर ऋण. दोन्ही चिकटून जड होतात व तळाशी बसतात.

प्रथिनांचेही असेच आहे. ती वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. त्यांपैकी ॲस्पार्टिक व ग्लुटामिक आम्ले साधारण पाण्यात ऋणभारित असतात. ती हायड्रॉक्साइडच्या पृष्ठभागाला चिकटतात. लायसिन व आर्जिनिन धनभारित, म्हणून ती सहसा चिकटत नाहीत. पाण्याची आम्लता बदलली किंवा फॉस्फेट वाढले की हा बंध सैल होतो. कारण बदलले की कार्य बदलते, हा धम्मातला विचार हंड्यातही दिसतो.

आपल्या परळची हाफकिन संस्था सर्वांना ठाऊक आहे. डॉ. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्या लसीत तुरटी नव्हती. १९२६ साली इंग्लंडमध्ये ग्लेनी यांनी दाखवले, की घटसर्पाचे निर्विष केलेले विष तुरटीने साकळले तर लस अधिक प्रभावी होते. आजही धनुर्वात-घटसर्पाच्या लसीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो व प्रथिन त्याला चिकटलेले असते.

अशी लस गोठली की पुंजक्यांच्या गुठळ्या होतात व तिचा गुण जातो. वितळवल्याने तो परत येत नाही. म्हणून ती २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. "जितके थंड तितके चांगले" हा समज येथे घातक आहे. बाळाला लस टोचताना "ही गोठली नव्हती ना?" असे आईने नम्रपणे विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो तिचा हक्क आहे.

मित्रहो, पाण्याला हात लावण्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांना १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. पाणी मिळाले, आता त्या पाण्यात काय घडते हे समजून घेणे आपले काम आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!