गिटारचा आवाज कुठल्या लाकडात?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात सागाच्या सोबतीनं शिसवाची झाडंही आहेत. हेच भारतीय शिसव जगातल्या महागड्या गिटारींच्या पाठीला लागतं. ब्राझीलचं शिसव दुर्मीळ झालं तेव्हा, 1969 साली, अमेरिकेतल्या मार्टिन या गिटार कंपनीनं भारतीय शिसवाचा आधार घेतला.

मग महाग गिटारीचा गोडवा या पाठीत असतो का? फारसा नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड बदललेल्या सहा गिटारी 52 वादकांना वाजवायला दिल्या. कुठलं लाकूड कुठलं, हे त्यांना दिसू नये अशी सोय केली होती. महागड्या लाकडाला खास पसंती मिळालीच नाही.

आवाज मुख्यतः घडतो तो पुढच्या फळीत. चांगल्या गिटारीत ती बहुधा स्प्रूस या लाकडाची अखंड, पातळ फळी असते आणि मोकळेपणी थरथरते. स्वस्त गिटारीत बहुधा प्लायवुड असतं, त्यामुळे आवाज दबका निघतो. पण चंद्रपूरच्या 45 अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात अखंड फळीला तडा जाऊ शकतो. प्लाय तग धरतं.

नवशिक्यांनी मात्र लाकडाच्या आधी तारांची पट्टीपासूनची उंची पाहावी. तारा फार उंच असल्या की बोटं सोलवटतात आणि रियाज सुटतो. जाणत्या कारागिराकडून त्या खाली आणून घ्या, मगच नव्या गिटारीचा विचार करा.