संकेतस्थळाची दुसरी प्रत

पालमसारख्या तालुक्याच्या गावी शाळा, बियाण्यांचं दुकान किंवा शेतकरी उत्पादक कंपनी संकेतस्थळ काढते, तेव्हा पहिली चौकशी होते ती होस्टिंगच्या वार्षिक भाड्याची. मला वाटतं, त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची, नोंदणी संस्थेच्या नावावर आहे की संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या? आणि मजकुराची दुसरी प्रत कुठे आहे? १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली. लाखो संकेतस्थळं बंद पडली. ज्यांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी होत्या, ते सावरले. ज्यांनी प्रतही त्याच आवारात ठेवली होती, त्यांतल्या काहींचा मजकूर कायमचा गेला. कंपनी मोठी असणं पुरेसं नव्हतं.

कुणी म्हणेल, फेसबुकचं पान फुकट असताना हा खटाटोप कशाला? सोय खरीच आहे, पण जागा परक्याची. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही संकेतस्थळांची सेवा बंद केली, तेव्हा तिथली असंख्य मोफत पानं मालकांच्या हातून गेली. खर्चाचा आक्षेपही आता फारसा टिकत नाही. संकेतस्थळ बनवण्याची वर्डप्रेस ही प्रणाली मोफत आहे, मराठीतही आहे. तिला जोडायच्या अपड्राफ्टप्लस या प्लगिनची विनामूल्य आवृत्ती ठरल्या वेळी प्रत गूगल ड्राइव्हवर पाठवते. सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा फुकट देते. मात्र अशा प्रमाणपत्रांची कमाल मुदत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे, म्हणून त्याचं नूतनीकरण आपोआप होतं का, हे होस्टिंगवाल्याला आजच विचारा.